ओठ न हलवता उ

बायको गेल्यापासून तात्या मणेरीकरांचा चेहरा असा थिजला होता, की नाकावर बसलेली माशी दुपारची झोप काढून उठायची. खोटं वाटत असेल तर कुडाळात विचारा.

मुलगा जपानात. त्याची लेक जपानीच बोलायची आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना बघून खिडकीच्या पडद्याआड पळायची. तिच्यासाठी तात्यांनी सत्तरीत जपानीचा क्लास लावला.

"उ म्हणताना ओठांचा चंबू करू नका!" शिंत्रेबाई वर्गावर ओरडायच्या. तात्यांचे ओठ हललेच नाहीत. "वा तात्या! खुद्द जपानी माणसाचा उ!"

तात्यांना त्याचंही काही वाटलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी पाचही स्वर म्हणून दाखवले आणि ते गप्प बसले. नात पडद्याआडून बाहेर आली, निरखून जपानीत म्हणाली, "बाबा, आजोबा हँग झाले." क्लासच्या कृपेने तात्यांना ते कळलं.

मुलगा नेट बघायला उठला. आजोबांना दिसत नाही म्हटल्यावर पोरीने जीभ काढली, डोळे फिरवले, नाक दाबून डुकराचं तोंड केलं. ती पुन्हा पळू नये म्हणून तात्या पापणीही न लवता बसले.

बऱ्याच वेळाने त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"बाबा, धावा! आजोबा चालू झाले!"