सतरा दिवसांची दुरुस्ती

"चावी फिरवलीत का?" शमशुद्दीनभाईंनी विचारलं.

"फिरवली. घरघर करते आणि गप्प होते," फोनवरून सत्यशीलाताई म्हणाल्या.

"अजून एकदा."

फोन उशीवर ठेवला होता, आवाज मोठा करून. भाई डोळे मिटून पडले होते. सकाळचे अकरा वाजले की पडद्यातून पिवळसर ऊन खोलीत यायचं आणि त्या उन्हात ती गाडी हळूच येऊन पलंगाशी उभी राहायची. क्रीम रंगाची, एकोणीसशे चौऱ्याऐंशीची, उजव्या दाराला पोचा आलेली. मंडईमागच्या गॅरेजात तीस वर्षं भाईंनीच तिचं सगळं केलं होतं. बॉनेट उघडलं की पेट्रोलच्या वासात मंडईतल्या कोथिंबिरीचा वास मिसळायचा. तो वास आताही आला.

तीन महिन्यांपूर्वी भाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. "यांना बोलतं ठेवा, नाहीतर वाचा कायमची जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं. पण भाई भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. मुलगा तौफिक रडला, सून मेहजबीननं विनवण्या केल्या. भिंत काही बोलली नाही आणि भाईही नाहीत.

मग सत्यशीलाताई बघायला येऊन गेल्या. अनंतसाहेब म्हणजे गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, ताई त्यांच्या पत्नी. साहेब गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून ताई येरवड्याच्या घरात एकट्याच. परतताना जिन्यात त्या मेहजबीनला म्हणाल्या, "गाडी बिघडलीय म्हटलं ना, तर बोलतील बघ."

"पण ताई, तुम्ही तर रिक्षानं आलात. गाडी आहे कुठे?"

"नाहीच. यांनी दोन वर्षांपूर्वी परस्पर काढून टाकली. भाईंना वाईट वाटेल, त्यांच्यापाशी विषय काढू नकोस म्हणाले. मला तरी कुठे धड सांगितलं!"

"आणि अब्बांना कळलं तर?"

"तर पुन्हा भिंत. म्हणून तर कळू द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. "भाई, गाडी सुरू होत नाही हो. खडकवासल्याला जायचं होतं." ताईंचा आवाजही घोगरा होता, कित्येक दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा. भाई भिंतीकडून वळले. बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले. मग शब्द आला, "बॅ... टरी." मेहजबीन स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

आज सतरावा दिवस. बॅटरी बघून झाली, प्लग झाले, पेट्रोलची नळी फुंकून झाली. ताई गॅलरीतल्या खुर्चीत बसून फोनजवळ कपाटाच्या चाव्या खुळखुळवायच्या. बॉनेट पाडायचं असलं की पिठाच्या डब्याचं झाकण आपटायच्या. चाळीस वर्षं शाळेत खोटारड्या पोरांना बाकावर उभं केलेली बाई, पण थापा अशा मारायची की ऐकत राहावं. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही यायला लागली होती.

भाई आता शब्दावरून वाक्यावर आले होते. "इंजिनजवळच्या पंपावर ओला फडका टाका, गार होईल. साहेब कात्रजच्या घाटात तेच करायचे." चहा घेतलात का, जेवलात का, हेही रोज विचारायचे. फोन चालू असेपर्यंत त्यांचा डावा हात उशीखाली असायचा. तस्बीहचे मणी ओढत असतील, असं मेहजबीनला वाटायचं.

"आज डिस्ट्रिब्युटर बघू," भाई म्हणाले. "आधी बॅटरीची काळी वायर काढून ठेवा. ती काढली की गाडी मेली. साधा दिवासुद्धा लागत नाही."

"काढली."

"आता झाकण उघडा. आत काय दिसतं?"

"काजळी," ताईंनी ठोकून दिलं.

"कोरड्या फडक्यानं पुसा."

ताईंनी फोन मांडीवर ठेवून चहाचे दोन घोट घेतले. "पुसली हो."

"झाकण लावा. चावी फिरवा."

चाव्या खुळखुळल्या. "फिरवली. घरघर करते, पण पकडत नाही."

भाईंचे डोळे उघडले. काळी वायर तर अजून बाहेरच होती. दारात उभ्या मेहजबीनच्या हातातलं ताट तसंच राहिलं. पलीकडे ताईंच्याही लक्षात आलं असावं, कारण चाव्यांची खुळखुळ एकदम थांबली. भाईंनी मान वळवली आणि ते भिंतीकडे बघत राहिले.

"भाई?" ताई बारीक आवाजात म्हणाल्या. "ऐकताय ना?"

"ऐकतोय. घरघर चांगली आहे," भाई म्हणाले. "पण घाई नको. उद्यापासून कार्ब्युरेटर उघडू. त्याला आठ-दहा दिवस लागतील."

"दहा?"

"जास्तही लागतील. जुनी गाडी आहे, ताई. तुम्ही अकराला फोन करायचा. चुकवायचा नाही."

ताई मोकळेपणानं हसल्या. साहेब गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. "नाही चुकवणार," त्या म्हणाल्या.

मेहजबीननं सुटकेचा श्वास सोडला. बरं झालं, वायरचं विसरले अब्बा, असं मनात म्हणत ती आमटी बघायला आत गेली.

खोलीत पुन्हा तेच पिवळसर ऊन होतं. तिची पावलं दूर गेल्यावर भाईंनी उशीखालचा हात बाहेर काढला. मुठीत त्या क्रीम गाडीची एकुलती एक चावी होती. दोन वर्षांपूर्वी, अनंतसाहेबांच्या सांगण्यावरून, भाईंनीच ती गाडी चालवत नेऊन मोडीत घातली होती.