काळ्या चौकटीचा कागद

नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा स्मरणाचा कागद मी दाराला चिकटवला. संध्याकाळच्या आत घरांचा दलाल हजर! आमच्या नेसेबरात, बल्गेरियातल्या या समुद्रकाठच्या गावात, हा मेला वर्तमानपत्र वाचत नाही, दारांवरचे हेच कागद वाचत फिरतो. “मावशी, एकटीनं काय करणार? गल्लीभर पर्यटकांच्या खोल्या झाल्यात. राजधानीतली पार्टी घर घ्यायला तयार आहे. नाहीतरी तुमच्यानंतर विकलं जाणारच.” मी त्याला कॉफी पाजली आणि सकाळी छापखाना गाठला. सोमवारी दारावर तसाच काळ्या चौकटीत माझा फोटो दिसताच तो गिऱ्हाइकाला घेऊन धावत आला. टोपी काढून, चेहरा पाडून वाचू लागला: “देस्पिना, वय अठ्ठ्याहत्तर. जिवंत आहे. घर विकायचं नाही.” मी दार उघडलं. “वाचलंस ना? समुद्राच्या वाऱ्यानं कागद टिकत नाही, बाबा. दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो. चाळीस छापून घेतलेत.”