आठवा चंद्र

"आज काय खुसपट काढलंत?" मुलानं दारातूनच विचारलं. तोंडही न धुता आधी हाच प्रश्न.

आप्पांनी पंचांगावरचं भिंग बाजूला ठेवलं. "चंद्र राशीला आठवा आहे. उद्यापर्यंत राहील. अशात घर सोडू नये."

"काल वैधृती, आज चंद्र! वृद्धाश्रमवाले काय तुमच्यासाठी खाट अडवून बसणार आहेत?"

"जन्मभर लोकांना वेळा काढून दिल्या. ही एक नीट काढू दे."

रविवारी जेवताना मुलानं फर्मान काढलं होतं. आप्पांनी वृद्धाश्रमात जायचं, त्यांची खोली त्याला हवी होती. आप्पा नुसतं 'बरं' म्हणाले. अट एकच, निघायची वेळ ते काढणार. स्वतः उभं राहून बांधलेलं घर होतं ते, आता वय अठ्ठ्याहत्तर. मनातलं सांगणार कुणाला!

सुनेनं चहा आणून ठेवला. तिचं मनगट रविवारपासून सुजलं होतं. बादली उचलताना मुरगळलं, असं ती शेजारणीला सांगत होती.

"आप्पा, रात्रभर जागलात. पडा थोडं."

"तू तरी कुठं झोपलीस गं?"

ती भांडी विसळायला निघून गेली.

बुधवारीही चंद्र आठवाच. गुरुवारी दुपारपर्यंत भद्रा, ती संपते न संपते तोच राहुकाळ. आप्पांचे डोळे चुरचुरत होते, मान अवघडली होती. मुलानं ताट सरकवलं.

"बस्स झालं! आता डोक्यावरून पाणी गेलं."

"उद्या सकाळी नऊ वीस," आप्पा म्हणाले. "वेळ निर्दोष आहे. साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत निघायचं."

मुलानं लगेच गाडी सांगितली. चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला. संध्याकाळी सून बॅग भरायला बसली.

"पांघरूण घालू ना, आप्पा?"

"घाल. तिकडे कोण देणार?"

शुक्रवारी नवाच्या ठोक्याला गाडी आली. आप्पा अंघोळ करून, टोपी घालून तयार होते. मुलानं स्वतः बॅग उचलून डिकीत ठेवली. एवढी तत्परता त्यानं कधी दाखवली नव्हती. आप्पा सावकाश फाटकापर्यंत आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वीस.

"बसा," मुलगा दार उघडून म्हणाला.

"तू बस. बॅगेत तुझेच कपडे आहेत."

"म्हणजे?"

"बायकोवर हात उचलणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. हे मी रविवारीच ठरवलं होतं." आप्पांनी फाटक ओढून घेतलं. "चार दिवस तुझीच रास धरून बसलो होतो. पोटच्या पोराला वाईट वेळेवर कसं हाकलू?"