गाडी जाईपर्यंत

रुळांना खेटलेल्या त्या घराची शिस्तच होती: फळीवरचे पेले थरथरले की गप्प बसायचं, गाडी गेली की अडलेल्या शब्दापासून पुढे बोलायचं. नातू झाल्याची बातमीसुद्धा सासऱ्यांना बावन्न डब्यांची मालगाडी गेल्यावरच कळलेली. “बाबा, जागेची मोजणी करून गेलेल्या साहेबांनी लेखी काही दिलंय?” मशीनवर शिवता शिवता सुनेने विचारलं. रेल्वेत उभा जन्म काढलेले सासरे हसले. “काळजी कसली करतेस, सूनबाई? साहेब शब्द देऊन गेलेत. स्टेशनभोवती मनोरे उठू देत, आपल्या घराला कुणी...” तेवढ्यात पेले थरथरले. सासऱ्यांनी सवयीने बोट वर केलं, सुनेनेही चाक धरलं. थरथर वाढतच गेली. सरकत सरकत एक पेला पडला. तिने झटकन दाराकडे पाहिलं. रूळ तर गेल्याच आठवड्यात उखडून नेले होते. सासरे मात्र बोट वर धरून गाडी जायची वाट बघत होते.