शेवटच्या रांगेपर्यंत

“पोचलं का?”

कोरड्या नदीच्या पल्याडून रामकिसनबुवांनी विचारलं. अल्याड बाभळीखाली बसलेल्या त्यांच्या बायकोने, मनकर्णाने, नाही म्हणून हात हलवला. बुवांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरू केलं.

“बा, तू जा कीर्तनाला. मला इठ्ठल हाय.”

हे वाक्य कुजबुजत म्हणायचं आणि तरी शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे, असा बुवांचा हट्ट. ओरडून काय, कुणीही पोचतं. जातील त्या गावची नदी गाठून त्यांनी वर्षानुवर्षं असा घसा फोडला होता. थुंकीत रक्त आलं तरी थांबले नव्हते. आंबट सोडलं, तिखट सोडलं. शेळ्या राखणाऱ्याचं पोर म्हणून एके काळी ज्यांनी हातात टाळसुद्धा दिला नाही, तेच आता न्यायला बैलगाडी पाठवत. मोगलाईत, निजामाच्या अख्ख्या मुलखात, असा बुवा नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला? कीर्तन सगळे ऐकतात, वाळूतला माणूस कोण बघतो.

मनकर्णा बघायची. कीर्तनातही ती बायांच्या शेवटच्या रांगेत बसे. आवाज कमी पडला की तिने कानावरचा पदर सारखा करायचा, आणि बुवांनी आवाज चढवायचा, एवढी खूण ठरलेली.

वाक्य होतं त्यांच्या लेकीचं, बायनाचं. मानमोडी तापाच्या साथीत लेकरू गेलं तेव्हा बुवा सिरसाळ्याला कीर्तनात होते. मनकर्णा एकटीच तिला मांडीवर घेऊन बसली होती. बायना शेवटी जे बोलली ते अगदी साधं होतं, देवाधर्माचं त्यात काही नव्हतं. मनकर्णाने ते नवऱ्याला सांगितलं. बुवांनी पहिल्यांदा कीर्तनात जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा लोक नुसतेच बसून राहिले. पुढच्या गावी एक शब्द बदलला. मग आणखी एक. मग मांडीही बदलली, ती बुवांची झाली. आणि नदीकाठी बसून ‘हितं थांबा, हितं आवाज उतरवा’ हे सांगणारी मनकर्णाच होती. त्याचीच तिला लाज वाटायची.

आज कीर्तन पाटोद्याजवळ तिच्या माहेरी होतं. साथीत ह्या गावाने वेस बंद करून कुणाला बाहेर जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे तिच्या आईला, साखराबाईला, नातीचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. प्रत्येक भेटीत म्हातारी एकच विचारायची, शेवटाला काय म्हणली गं पोर? आणि मनकर्णा उठून कामाला लागायची. आता म्हातारी पिकलं पान झाली होती. आज तिला खरं सांगायचंच, असं मनकर्णाने ठरवलं होतं.

बुवा घाम पुसत अलीकडे आले.

“अवं, आज तेवढं सोडा,” ती म्हणाली. “माझी माय बसणार हाय.”

“कावून सोडू? लोकं तेच ऐकाया येत्यात.”

“ती तसं न्हाई बोलली.”

“तसं बोलली असती तर मला एवढं राबावं लागलं असतं व्हय?” बुवा म्हणाले. रागाने नाही, थकून.

काल्याचं कीर्तन रंगलं. टाळ थांबले, मृदंग थांबला, आणि बुवा कुजबुजले. मनकर्णाचा हात पदराकडे गेला नाही. शब्दन् शब्द पोचला होता. बाया हुंदके देऊ लागल्या, मागे उभ्या असलेल्या, गावच्या पोलीस चौकीवरच्या जवानानेही डोळे टिपले. साखराबाई तेवढी रडली नाही. ती लेकीकडे बघत होती.

काला वाटला, मंडप पांगू लागला, तशी म्हातारी जवळ सरकली.

“त्ये झालं कीर्तनातलं,” ती म्हणाली. “आता तू सांग, लेकी. काय म्हणली पोर?”

मनकर्णाने तोंड उघडलं. शेळीचं काहीतरी होतं. शेळीला पाणी पाज, की शेळीचं पिल्लू कुठं हाय? तिने डोळे मिटले. मांडीवरचा भार आठवला, कपाळाची आग आठवली, पोरीचे सुकलेले ओठ आठवले. ओठ हलत होते, पण आवाज बुवांचा येत होता. जिथे थांबायचं तिथे थांबत होता, जिथे उतरायचं तिथे उतरत होता.

“सांग की,” म्हातारी म्हणाली.

“माय, मला ऐकू येईना,” मनकर्णा म्हणाली, आणि तिचा हात आपोआप कानाकडे गेला. तिने पदर सारखा केला.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पाया पडणाऱ्यांच्या गराड्यात बुवा बोलत उभे होते. त्यांनी खूण पाहिली आणि सवयीने आवाज चढवला.