मुंग्यांच्या गेमचं नवं अपडेट

जिनलनं बनवलेल्या गेममध्ये तिच्या जैन दादीच्या पूंजणीसारख्या मऊ झाडूनं वाटेवरच्या मुंग्या बाजूला करायच्या. कितीही अपडेट आणली तरी दादीशिवाय कुणी ढुंकून बघेना. “जीव वाचवायचा गेम कोण खेळतं गं? चिरडू दे की बिनधास्त!” भाऊ रोनक म्हणाला. शेवटी तिनं सावद्याचं पिकलेलं केळं मुठीत दाबून ‘पचक’ आवाज रेकॉर्ड केला आणि मुंग्या चिरडायचं अपडेट सोडलं. सकाळी फोन कौतुकानं वाजत होता, “आवाज काय भारी!” सूर्योदयानंतर दोन घटका न खाण्याची नवकारशी पाळून, दूध-केळ्याची वाटी पुढ्यात घेत दादीनं नेमानं आपल्या फोनवर गेम उघडला. बोट लागताच मुंगी चिरडली. दादीनं हात जोडले. “मिच्छामि दुक्कडम्! माझ्या हातून जीव गेला. आज उपवास. बेटा, ही वाटी तू संपव. उघडी राहिली तर मुंग्या बुडतील बिचाऱ्या.” केळं दाताखाली ‘पचक’ वाजलं आणि जिनलला शिसारी आली.