बादलीवरून भांडण

वस्तीची जुनी भाषा बोलणारी मोजकीच म्हातारी माणसं उरली, तेव्हा शिंपीणबाईंनी आपलं दुकान सकाळपुरतं बालवाडीला दिलं. आजी-आजोबा आळीपाळीने येऊन पोरांशी फक्त त्याच भाषेत बोलायचे. पोरं गाणी घडाघडा म्हणायची. खेळताना मात्र बाजारातलीच भाषा बोलायची. “उगाच घसा कोरडा करतोय आपण,” एक आजोबा वैतागले. शिंपीणबाईंचाही धीर सुटत चालला होता. आज लाल बादलीवरून दोन चिमुरड्यांची जुंपली. पाय आपटत धाकटी किंचाळली, थेट जुन्या भाषेत, “बादलीखाऊ कुठली!” दुसरीनेही तिला तसंच सुनावलं. मग सगळी पोरं त्याच भाषेत तावातावाने भांडू लागली. शिंपीणबाई सोडवायला धावल्या आणि मधेच थबकल्या. “बादलीखाऊ?” आजोबा चक्रावले. “असा शब्दच नाही आपल्यात!” हसता हसता शिंपीणबाईंचे डोळे वाहू लागले. “नव्हता; आता आहे! भांडू द्या त्यांना, अजून चार निघतील.”